सातव्या हिरवळीचा उंचवटा

प्रिय चिमे,

उद्या सकाळी सात वाजता खोदाईचं यंत्र येणार, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणून घाईघाईत लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर मी विषय बदलतो, हे तुला ठाऊक आहे.

ते जुनं गोल्फचं मैदान मूळ रूपात आणायचं काम तुला मिळालं, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. तू नऊ वर्षांची असताना तिथेच तुला मैदान वाचायला शिकवलं. पाचव्या होलवर डावीकडचा वाळूचा खड्डा डोळ्यांत भरतो, माणूस घाबरून उजवीकडे मारतो, आणि खरी गोची उजवीकडेच असते. मैदान आखणारा कधीच गेला, तरी अजून आपली गंमत बघतोय, असं मी म्हणायचो आणि तू खिदळायचीस.

सातव्या होलच्या हिरवळीवर मात्र मी तुला कधी थांबू दिलं नाही. तिथला मधला उंचवटा मूळचा नाही, नंतर कुणीतरी टाकलेला मातीचा ढिगारा आहे, असं या मैदानावर मी लिहिलेल्या पुस्तकात छापलंय. तू क्लबच्या कमिटीपुढे तेच पान ठेवलंस आणि उद्या तो सपाट होणार.

त्या उंचवट्यावर मी तुझ्या काकाशी हरलो होतो गं. चार वेळा चेंडू वर ढकलला, चारही वेळा तो घरंगळत माझ्या पायाशी आला. काका पोट धरून हसत होता. घरी येऊन रागाच्या भरात ते पान लिहून काढलं. पुस्तक आल्यावर तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं मला खोलीवर बोलावलं आणि पत्र्याच्या पेटीतून मूळ नकाशा काढला. उंचवटा त्यात होता, अगदी तिथेच. शेजारी आखणाऱ्याच्या अक्षरात एकच शब्द होता: उतावळ्यांसाठी. माळ्यानं नकाशा माझ्या हातात ठेवला. मी चूक दुरुस्त करीन असं त्याला वाटलं असणार. मी तो कपाटात कोंबला. नंतर लोक मला जाणकार म्हणायला लागले, आणि मग धीरच झाला नाही.

आई आज संध्याकाळी तुझ्याकडे येतेय, तिच्याबरोबर तो नकाशा देतोय. कमिटीपुढे ठेव. बापावर विश्वास ठेवला आणि फसले, असं सरळ सांग. मला सांभाळून घेऊ नकोस. तुझं पहिलंच मोठं काम, तुला मान खाली घालावी लागेल, त्याची मला लाज वाटते. आणि तरीही कुणी ऐकलं नाही, तर यंत्रवाल्याला एवढं सांगून ठेव, की सहा वाजल्यापासून उंचवट्यावर जो म्हातारा उभा आहे, तो हलणार नाही.

तुझाच,
उतावळा बाबा