पालकाचा मोबाइल नंबर

५ जानेवारी २०२६, सोमवार

सगळं बदललं तो क्षण मला मिनिटासकट पाठ आहे. २१ नोव्हेंबर, सकाळचे १० वाजून ४० मिनिटं. सरांनी पडद्यावर विद्यापीठाचं नवीन पोर्टल उघडलं. म्हणाले, आता तुमच्याच माहितीवरून कॉम्प्युटर सांगणार, कोणाकडे लक्ष द्यायचं. हजेरी, मार्क, घर ते कॉलेज अंतर, बापाचं उत्पन्न, सगळं त्याच्या पोटात. यादी आली. सगळ्यात वर, लाल रंगात: भूपेश बाळाराम भोईर. कॉलेज सोडण्याची शक्यता ८७ टक्के. पालकांचा प्रतिसाद: शून्य.

वर्ग हसला. हेमाली हसली नाही. मान खाली घातली. ते जास्त लागलं.

मी उठलो. म्हणालो, सत्त्याऐंशी कशाला, शंभर करा. बॅग उचलली आणि दार असं आपटलं की वरची कडी निखळली. त्या दिवसापासून कॉलेजात पाऊल नाही.

तेरा टक्क्यांनी चुकवलं कॉम्प्युटरला.

नवीन वही, नवीन नियम: राग करायचा नाही. हेमालीबद्दल लिहायचं नाही.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ९.२५

आत्ता हेमालीच्या मोबाइलवर माझा मेसेज पोचला असेल. (नियम उद्यापासून.)

मेसेज मी नाही पाठवत, कॉलेज पाठवतं. प्रवेशाच्या फॉर्मवर एक्केचाळीस रकाने होते. रक्तगट, अंगावरची खूण, आईचं शिक्षण. यांना माझ्या आईचं शिक्षण कशाला पाहिजे? त्यात एक रकाना: पालकाचा मोबाइल. बाबांचा टाकला असता तर प्रत्येक दांडी घरी कळली असती. शेजारच्या कॉम्प्युटरवर हेमाली तिचा फॉर्म भरत होती. मी तिचा टाकला. ती म्हणाली, बरं, पण एकच महिना हां.

दीड वर्ष झालं. कॉलेजने माझं नाव अजून कापलेलं नाही. का, ते माहीत नाही, पण बरंच आहे. रविवार-सुट्टी सोडून रोज ९.२० ला 'आपला पाल्य भूपेश आज गैरहजर आहे' असा इंग्रजीत मेसेज जातो. व्हॉट्सअॅपवर तिच्याकडे माझी एकच टिक पडते, नेटवर्क नसेल. पण विद्यापीठाला एकच टिक पडत नाही. फुकटचा पोस्टमन. रोज सकाळी माझं नाव तिच्या हातात. प्रेम दुसरं काय असतं?

ता. क. तिने एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे समजायचं ते समजलं.

९ जानेवारी

राहनाळच्या गोडाऊनमध्ये दीड महिना झाला. पार्सल स्कॅन करतो. गेटवर चेहरा, अंगठा, आधार, सगळं घेतलं. पण इथे कोणी पोरांचे टक्के काढत नाही, म्हणून मन लागतं.

घरी माहीत नाही. साडेसातला कॉलेजची बॅग घेऊन निघतो. बाबा अंजूरफाटा ते मानकोली रिक्षा चालवतात. त्यांनी रिक्षाच्या मागे स्वतःचा मोबाइल नंबर एवढाल्या आकड्यांत रंगवलाय. लोकांनी फोन करून बोलवावं म्हणून. आजवर कोणी बोलवलेलं नाही. भोळा माणूस.

१० जानेवारी

सुपरवायझर दौलतसाहेबांनी बोर्ड लावला. स्कॅनिंगचा स्पीड, प्रत्येकाचा टक्का. मी ६२. लाल रंगात. मशीन खराब आहे.

१३ जानेवारी, मंगळवार. वीकली ऑफ

सकाळी आईने भाकरी वाढली. बाबांचा मोबाइल वाजला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. लोनवाल्यांचा असणार. मग विचारलं, आज कालेज न्हाय का रं? मी म्हणालो, मंगळवारी प्रॅक्टिकल नसतं. बरं, म्हणाले, आणि आईला सांगितलं, याचे डब्यान उद्यापासून येक भाकर जास्ती टाक. शिकनाऱ्या पोऱ्याला भूक लागते.

इतका विश्वास बरा नव्हे. मला त्यांची दया येते.

१४ जानेवारी, संक्रांत

हेमाली दिसली! पडघ्याच्या स्टॉपवर. मी तिळगूळ पुढे केला. तिने घेतला, खाल्ला नाही, रुमालात बांधला. (जपून ठेवणार.) मी विचारलं, मेसेज येतात ना? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, भूपेश, घरी सगळं सांगून टाक. खरंच सांगते. मग एसटी आली.

घरी सांगून टाक! मुलगी आणखी किती स्पष्ट बोलणार? हितेशला फोन केला. हितेश अजून कॉलेजात आहे. म्हणाला, येड्या, ती कॉलेज सोडल्याचं सांग म्हणत असेल. हितेशला प्रेमातलं कळत नाही. त्याच्याशी बोलणं बंद.

ठरलं: पर्मनंट झालो की लग्नाचं बोलायचं.

१९ जानेवारी

घोटाळा. पर्मनंट व्हायला बारावीची ओरिजिनल मार्कशीट लागते. ३१ तारखेपर्यंत. नाहीतर, दौलतसाहेब म्हणाले, राहा तसाच रोजंदारीवर, म्हातारा होईपर्यंत.

मार्कशीट कॉलेजकडे. ती पाहिजे तर प्रवेश रद्द करायचा. प्रवेश रद्द म्हणजे नाव कापणार. नाव कापलं की ९.२० चा मेसेज बंद.

म्हणजे नोकरी घेतली की हेमाली गेली. आणि नोकरी नाही तर हेमालीला कोणत्या तोंडाने विचारू?

उद्या कॉलेजात जाणार. नक्की.

२० जानेवारी

डोकं दुखत होतं. गेलो नाही.

२२ जानेवारी

विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलं. 'माझी माहिती माझ्या मालकीची आहे. ती तुम्ही कशासाठी वापरता याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' फार कडक जमलं. दोनदा वाचलं. मग विचार आला, घाबरून त्यांनी सगळंच पुसून टाकलं तर? पालकाच्या नंबरासकट? पत्र बॅगेत ठेवलं.

२७ जानेवारी, मंगळवार

परवा पार्सल उचलताना कंबर लचकली. घरी म्हणालो, बाकावर बसून बसून झालं. संध्याकाळी बाबा रिक्षातून मलमाची ट्यूब घेऊन आले. म्हणाले, बाकरा लाकराचं आस्तात, वाईच ऊठबस करीत जा. स्वतः चोळून दिलं. हात फार खरबरीत आहेत त्यांचे.

सगळं सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण पर्मनंट झाल्यावर एकदमच सांगू.

३० जानेवारी

उद्या शेवटची तारीख. हाफ डे टाकलाय.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी

घडलं तसं लिहितो.

ऑफिसात सुकन्या मॅडम होत्या. म्हणाल्या, प्रवेश रद्द करायला पालकाची संमती लागते. पालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांग. दहा मिनिटं चालतो.

मला हसूच आलं. म्हणजे हेमालीला मला फोन करावाच लागणार! विद्यापीठाने स्वतः जमवून आणलं. म्हणालो, पाठवा मॅडम, बिनधास्त पाठवा. त्यांनी बटण दाबलं. मी केसातून हात फिरवला. काय बोलायचं ते पाठ केलं: 'हेमाली, घरी सांगतोय आजच.'

चौथ्या मिनिटाला फोन वाजला. बाबा.

चुकीच्या वेळी! कापला. परत वाजला. उचलून म्हणालो, बाबा, लेक्चर चालू आहे.

पलीकडे रिक्षा बंद केल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, बरं बाला. सा आकडे आल्यान माझे मोबाइलवर. तुला पायजे आस्तील ना? लिवून घे.

माझ्याकडे पेन नव्हतं. मॅडमनी पुढे केलं. बाबांनी एकेक आकडा सांगितला, थांबत थांबत. च्यार. शून्य. नव. परत नव. येक. सात. झाला का? म्हणाले. झालं, म्हणालो. मग म्हणाले, कंबर संबाल. आणि फोन ठेवला.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पालकाचा नंबर १ डिसेंबरला बदललेला. खाली अर्ज जोडलेला, हेमालीच्या अक्षरात: 'हा नंबर माझा आहे. मी याची पालक नाही. त्याच्या वडिलांचा नंबर पुढे देत आहे, रिक्षावरून घेतला आहे.' तेव्हापासूनचे एक्केचाळीस मेसेज. सगळे पोचलेले.

मॅडम म्हणाल्या, तुझे बाबा डिसेंबरात आले होते. मोबाइल दाखवून म्हणाले, ही इंग्रजी वाचता येत न्हाय, पन पोऱ्याचा नाव वलखतंय. नाव कापू नका म्हणाले. पोऱ्या रागान हाय, येईल. म्हणून ठेवलं होतं. मला तर वाटलं, आज तू परत यायला आलायस.

पालकांचा प्रतिसाद या रकान्यात आता एक होतं.

मॅडमनी विचारलं, टाकू हे आकडे?

मागे दोन पोरं येऊन उभी राहिली. मग मी टाका म्हणालो. माझं नाव लालाचं करडं झालं. मार्कशीट हातात आली. पत्र बॅगेतच होतं, ते काढलं नाही.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी खरा नंबर लिही. मी हो म्हणालो. बाहेर आलो आणि दार आवाज न करता लावून घेतलं.