बिभीषणरावांच्या इंजिनाचा धूर

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार, दुपार

वडीलकीच्या मानाचे साडू अजिनाथराव यांना मोहोळ मुक्कामी सिदूचा वाकून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट, तिकडची खुशाली कळवावी. सोजरअक्कांचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुमच्या काळ्या शेळीला पिल्लं किती झाली? (हे दोन प्रश्न आधी विचारायचे असं आमच्या कस्तुराबाईनं बजावलं होतं. विचारले, मी मोकळा.) खरं तर फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पारावर बसता, आणि ही गोष्ट पारावरची नाही.

आपल्या सोनालीचं ‘जुळे सोलापूर’ भागातल्या बिभीषणरावांच्या युवराजशी जमत आलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे तारीख धरायची बैठक. इतक्या सरळ वाटेवर मी कुठं धडपडलो ते ऐका. बिभीषणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि गच्चीवरच्या खोलीत त्यांनी खेळातली रेल्वे मांडली. (खेळातली म्हणायचं नाही, त्यांना राग येतो. मॉडेल म्हणायचं.) पूर्वी रुळात वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिनं एकदम धावायची. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात करंगळीच्या नखाएवढी पट्टी बसवतात, तिला डीकोडर म्हणतात. मग वीज रुळात कायम असते, पण हातातल्या यंत्रावर जो नंबर दाबाल तेच इंजिन हलतं. आपल्या लहानपणी मेंढरांमागं तीन कुत्री असायची आणि ज्याचं नाव घ्यावं तेच उठायचं, तसं. त्यांच्या डिझेल इंजिनात पट्टी आधीच बसलेली होती. वाफेच्या इंजिनात बसवायला ते पुण्याचा कुणी माणूस शोधत होते. मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालो, मोटार आहे ना आत? मग द्या इकडं. (कस्तुराबाईनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून पडला.)

तुम्ही म्हणाल, सिदूला ही खाज कशाला. अजिनाथराव, माझं शिक्षण चौथी. मेंढरं सोडून आलो, लूमच्या जळक्या मोटारींत नवी तार भरता भरता स्वतःचं दुकान केलं. तीन घरांपलीकडं मोटार चालू करा, कुठलं बेअरिंग गेलंय ते मी बसल्या जागी सांगतो. सिदूकडून गेलेली मोटार परत येत नाही, असं पेठेत बोलतात. पण त्या घरात सगळे पुस्तकातलं बोलतात आणि मी नुसती मान हलवतो. आपली पोर त्या उंबऱ्यात मिस्त्रीची पोर म्हणून जाऊ नये, एवढंच मनात होतं.

इंजिन वीतभर लांब, आतली मोटार सुपारीएवढी. डोळ्याला भिंग लावून आठ दिवस बसलो. सोल्डर करताना जोरात श्वास सोडला तर स्क्रू उडतो. एक स्क्रू कस्तुराबाईच्या मोहरीत गेला, तो फोडणीत तडतडला नाही म्हणून सापडला. दोन तारा रुळाकडून घ्यायच्या, दोन मोटारीला द्यायच्या, एवढंच कागदावर. खाली ठळक अक्षरात आणखी काही छापलं होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि मी चाळीस वर्षं मुरलेला कारागीर. मोटार बसवली आणि बॉडीला अर्थिंग दिलं नाही, हे या हातांनी होणं नाही. पाचवी तार मी पदरची जोडली. (इथं रुळातली वीज बॉडीतूनच फिरते आणि मोटार तिच्यापासून तोडून ठेवायची असते, हे मागाहून कळलं. ठळक अक्षरात तेच होतं.)

गेल्या रविवारी सगळं घर गच्चीवर जमलं. युवराजची मामीही आली होती. इंजिन रुळावर ठेवलं, मागं डिझेल उभं. नवी पट्टी कारखान्यातून तीन नंबर घेऊन येते, तो बदलायचा असतो. मी बदलला नव्हता, आणि डिझेलचा त्यांनीही बदलला नव्हता. मी तीन दाबला. आत बारीक चट् झालं, ते फक्त मला ऐकू आलं, आणि धुराड्यातून धूर निघाला. तेवढ्यात मागचं डिझेल तीनच्या हाकेला उठलं, येऊन या मेलेल्या इंजिनाला भिडलं आणि ढकलत ढकलत अख्ख्या खोलीला चक्कर मारून आलं. चाकं फिरत नव्हती, फरफटत होती. तो आवाज माझ्या दाढेत गेला. आणि बिभीषणराव टाळ्या वाजवत उठले.

“धूरसुद्धा? वा पाहुणे, धूर तर मी मागितलाही नव्हता.”

मामी म्हणाली, हात असावा तर असा. मी म्हणालो, धुराचं वेगळं काही घेणार नाही.

तेलपाणी राहिलंय असं सांगून इंजिन पिशवीत घालून घरी आणलं. उघडलं तर पट्टीचा पापड झालेला. नवी पट्टी परदेशातून यायला तीन आठवडे, आणि काल विहीणबाईंचा निरोप आला की रविवारी बैठकीला सगळे मामेलोक येणार आहेत, त्यांना धूर दाखवायचाय. कस्तुराबाई म्हणते, “खरं सांगून टाका की. धा मिन्टं लाज वाटंल, मग जेवायला वाढतील.” तिला बोलायला काय जातंय.

असो. बाकी विशेष काही नाही. अक्कांना नमस्कार, पिल्लांना गोंजारणे.

आपला,
सिदू

ता. क. – पत्राचं खरं कारण हे. रविवारी तुम्ही बैठकीला येताच आहात. कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीवर तुम्ही फायरमन होता, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन पडेल. धूर दाखवा म्हणाले की इंजिन हातात घ्यायचं, धुराड्यात डोकवायचं आणि म्हणायचं, बॉयलर धुवायला आलाय, न धुता पेटवला तर माझी जबाबदारी नाही, तीन आठवडे शेडमध्ये राहू द्या. हसू नका. मोठ्या इंजिनांना अशी धुणी असायची, हे तुम्हीच सांगितलंय.

आणखी ता. क. – पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत सोनाली युवराजशी फोन स्पीकरवर टाकून बोलायला लागली. (मी मुद्दाम ऐकत नाही, पण कानाला झाकण नसतं.) बिभीषणरावांना सगळं त्याच वेळी वासावरून कळलं होतं. त्यांनी स्वतः अशा दोन पट्ट्या जाळल्यात, म्हणून तर पुण्याचा माणूस हवा होता. मामी बघत होती, तिच्यासमोर माझी शोभा होऊ नये म्हणून ते सगळ्यांच्या आधी उठले आणि टाळ्या वाजवल्या. रविवारी काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलंय. म्हणणार आहेत, इंजिन माझ्याच हातून बिघडलं. सोनाली खूप हसली, आणि मग हळूच म्हणाली, “आबांना यातलं कळू देऊ नका. लई मनाला लावून घेतील.” (आबा म्हणजे मी.)

तेव्हा अजिनाथराव, बॉयलरचं राहू द्या. तारीख धरायच्या आधी मीच उठून सांगणार आहे की पट्टी मी जाळली. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा, आणि मी उठायला वेळ लावला तर कोपर मारा.