जाळीवरचा थर

३ ऑक्टोबर
ओस्केमेन शहरात पोचले एकदाची. झेयनेप-आपा स्टँडवर न्यायला आली होती. घरी नेऊन तिनं गरम बाउर्साक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि दुधाचा चहा पुढ्यात ठेवला. आमच्याच गावची ती. तिनंच मला कारखान्यात चिकटवलं. काम आवडलं. टायटॅनियमची जाळी आम्लात उकळायची, ब्रशने तपकिरी द्रावण चढवायचं, भट्टीत भाजायचं, गार झाली की पुन्हा नवा थर. काळीभोर झालेली जाळी टाकीत सोडून वीज जोडली, की पाणी फुटून हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात. तो वायूच विकायचा. मुकादम सपारगाली-आगा म्हणाले, हात हलका आहे पोरी तुझा, टिकशील.

६ ऑक्टोबर
बोटांवरचा डाग निघत नाही. हातमोजे मागितले, तर आगा म्हणाले, लग्नाला निघालीस का? आपा मेंढीची चरबी चोळून देते. डाग मनगटापर्यंत चढलाय. तहान फार लागते.

१० ऑक्टोबर
शेगडीवर फुंकर घातली आणि तोंडासमोर फट् करून माझा श्वासच पेटला. भुवया जळाल्या. आपाला नवल वाटलं नाही. विस्तवाजवळ जात जाऊ नकोस, एवढंच म्हणाली. किटलीभर पाणी पिऊनही ओठ फुटलेत. कातडी दाबली की आत चरचरतं.

१२ ऑक्टोबर
टाकीत हात बुडवला. वीज बंद होती. तरी माझ्या बोटांतून बुडबुडे— आगांनी पाहिलं. रागावले नाहीत. तार आणायला गेले.

१३ ऑक्टोबर
कोंडलंय मला. उजव्या मनगटाला तारा, तो हात खांद्यापर्यंत पाण्यात. जाळीपेक्षा जास्त वायू देते म्हणून आगा खूश. आपाला विचारलं, का केलंस? चहा ढवळत म्हणाली, नाहीतर माझ्या लेकीचा नंबर होता. तू काय, परकी.

१५ ऑक्टोबर
डाव्या हातानं लिहितेय. पाणी पाजतात, अंगी लागत नाही. आगा म्हणाले, ही आटली, दुसरी बघ. आपानं माझ्या फोनवरून माझ्या धाकट्या बहिणीला, मोल्दिरला निरोप धाडलाय— मी मजेत आहे, तूही ये.

१६ ऑक्टोबर
भिंतीपलीकडे मोल्दिर. ताई कुठंय, विचारतेय. आपा म्हणतेय, येईल गं, तोवर ब्रश धरून बघ. हसली मोल्दिर—
मी हाक मारतेय. जीभ टाळूला चिकटलीय—
भिंतीवर मूठ आपट— आगांना ऐकू गेलं. तारा पुन्हा—
मोल्दिर, हात नको ला—