कार्डावरचं कुंकू

२ ऑक्टोबर, दसरा

शी! सासूबाईंनी माझ्या कॉम्प्युटरची पूजा केली. मी इराला आंघोळ घालत होते, तेवढ्यात. कॅबिनेटची काच काढून सरळ ग्राफिक्स कार्डालाच हळदकुंकू — तिन्ही पंख्यांवर बोटं! वर झेंडूने पाणी शिंपडलं. "ज्यावर तुझं पोट चालतं त्याची पूजा नको?" म्हणे. पुसायला गेले तर कुंकवाचा चिखल झाला. किळस आली.

३ ऑक्टोबर

स्क्रीन काळी. सोमवारी बिल्डरला फ्लॅटचा थ्रीडी व्हिडिओ बनवून द्यायचाय! एचडीएमआयची केबल काढून डिस्प्ले पोर्टची लावली — काळीच. पॉवरची वायर उपटून पुन्हा खटकन बसवली. पंखे फिरतात, चित्र नाही.

पुष्कर सोफ्यावरून उठलासुद्धा नाही. "आईचं पाणीच गेलं असणार आत." मग मी सासूबाईंना तोंडाला येईल ते बोलले.

४ ऑक्टोबर

सासूबाई बदलापूरला नणंदेकडे निघून गेल्या. जाताना इराची वेणी घातली, माझ्याकडे बघितलं नाही. पुष्कर पेपर वाचत होता. केमिकल कंपनीत मोठा ऑफिसर, आणि आईला रिक्षापर्यंत सोडायला गेला नाही!

६ ऑक्टोबर

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये अल्पेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. टेबलावर वड्याचं तेल, खाली थुंकायचा डबा. त्याच हातांनी माझं कार्ड उघडलं त्याने!

"मॅडम, कुंकू तो ऊपर प्लास्टिकपे है. पाणी आत गेलंच नाही. ये देखो."

बघितलं. मदरबोर्डात बसते ती सोनेरी कड काळी डागाळलेली. पोर्टांच्या आत हिरवट काहीतरी, बुरशीसारखं. पंख्यांखालच्या तांब्याच्या नळ्या काळ्या ठिक्कर.

"केमिकलची हवा खाती है. तुमच्या चिखलोली साइडचे टीव्ही, एसी, सगळे असेच येतात."

रात्री खिडकीतून तो सडक्या अंड्यांचा वास येतो, त्याचं काम हे. कार्ड त्याच खोलीत असतं. आम्हीही.

७ ऑक्टोबर

पुष्करला सांगितलं. वाटलं, हादरेल. तो भात कालवत राहिला.

"वॉरंटीवाल्यांना हे लिहू नकोस. आमच्याच प्लांटचा गॅस आहे."

"तुला माहीत होतं?"

"गॅस धुवायचं मशीन रात्री बंद ठेवतात. खर्च वाचतो. सगळेच करतात गं."

म्हणजे माहीत असून त्याने स्वतःच्या आईवर ढकललं! मला बोलू दिलं, तिला जाऊ दिलं. आणि वर ताक मागितलं. त्याच्या ताटाकडे बघवेना. उठून बाथरूममध्ये जाऊन ओकले.

८ ऑक्टोबर

बदलापूरला फोन लावला. म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुमच्या पाण्याने काही झालं नव्हतं."

त्या रडल्या. मग म्हणाल्या, "मी येऊ का गं परत?"

"नको आई. इराला घेऊन मीच येतेय तिकडे."