बसून विसरण्याची साधना

५ जानेवारी, सकाळी सहा
आजपासून नवीन पर्व. ऑनलाइन कोर्सचा पहिला धडा झाला. चीनमधले ताओपंथी शाईचं चित्र काढण्याआधी ‘बसून विसरणे’ नावाचं ध्यान करत. बसायचं, सगळं विसरायचं, मग हात आपोआप चालतो. बँकेत अठ्ठावीस वर्षं बसूनच काढली, म्हणजे अर्धी साधना झालेली आहे.
संकल्प: रोज एक चित्र. मंजुषाला सांगितला. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

९ जानेवारी
चित्र नाही. शाईची कांडी दगडी पाटीवर हळूहळू घासायची, तेवढ्यात मन शांत होतं. घासता घासता झोप लागली. प्रगती आहे.
एक सिलिंडर संपला, दुसरा जोडला. नंबर लावायचा राहिला.

१७ जानेवारी
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यांना देवळाली कॅम्पला घरी सोडायला दोन वाजता दवाखान्यात गाडी न्यायची होती. दीडला जरा ध्यानाला बसलो. उठलो तर पावणेपाच. मंजुषाचे एकोणीस मिस्ड कॉल. कोर्सच्या तेराव्याच दिवशी एवढं खोल विसरणं म्हणजे कमाल आहे.
ती आईला रिक्षाने घेऊन गेली. आता चार दिवस तिथेच राहणार. मला एकांत मिळावा म्हणून असेल. समजूतदार आहे.

२५ जानेवारी
चाराचे आठ दिवस झाले. फोन केला. ते विसरणं मुद्दाम नव्हतं, साधना होती, हे नीट समजावलं. ती म्हणाली, एकतीस वर्षं बघतेय, तुम्हाला साधनेची काय गरज.
कौतुक केलं की बरं वाटतं.

२ फेब्रुवारी
गंगापूर रोडला एक छोटा हॉल मिळाला, १५ आणि १६ तारखेला. मंजुषाला मेसेज केला: प्रदर्शनाला ये, मग बरोबरच घरी जाऊ. उत्तर आलं, बघते. म्हणजे येणार.
चित्रं सध्या दोन. एकात माशी आहे. ती खरी आहे, शाईत पडली होती.
चहा अजून दोन कपच होतो. घर खायला उठतं. ही वही कोण वाचतंय, म्हणून लिहिलं.

१० फेब्रुवारी
चित्रं चार, फ्रेमा बारा. उरलेल्या आठांत कोरा कागद लावला. रिकामी जागा हाच चित्राचा प्राण, असं कोर्सचे सर सांगतात. कामाला येणाऱ्या नवसाबाई म्हणाल्या, भाऊ, यांच्यात फोटो टाकायचे राहिले. ताई कधी येणार, हेही विचारलं. सोळा तारखेला, असं ठामपणे सांगितलं.

१५ फेब्रुवारी
तिघं आले. एकाला शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जायचं होतं.
उद्या मंजुषा येईल. चित्रांसमोर ध्यानाला बसणार. पाटी रंगवली: ‘कलाकार ध्यानात आहेत. कृपया बोलू नये.’ नवरा बदललाय हे तिला पाहताक्षणी कळेल.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा
चार तास बसलो. झोपलो नाही. दुपारी कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. बांगड्या वाजल्या. डोळे उघडावेसे वाटले, पण मोह आवरला. फार वेळ उभं होतं ते माणूस. चित्र चांगलंच भिडलेलं दिसतंय.
मंजुषा अजून आली नाही. आठपर्यंत हॉल आहे.

१७ फेब्रुवारी
काल हॉल बंद करताना वॉचमन गोटीरामने अभिप्रायाची वही हातात दिली. म्हणाला, त्या ताई लय येळ उभ्या व्हत्या, मी म्हनलं सायबांना हाक मारू का, तर नाय म्हनल्या.
वहीत एकच अभिप्राय.
‘आले होते. पाऊण तास उभी होते. माझ्याकडची घराची किल्ली या पानात ठेवली आहे. गॅसचा नंबर लावला आहे. – मंजुषा.’
आज सकाळी दहाला सिलिंडर आला. सही करून घेतला. मग ध्यानाला बसलो.
काहीच विसरता येत नाही.