पाटावरचं लायसन्स

मिल्टन कीन्स
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५
दुपारचे सव्वातीन

देविका,

कशी आहेस? पुण्याला काका-काकू ठीक ना? इकडे सगळे बरे आहेत, थंडी पडायला लागली आहे. झाली विचारपूस.

माझं सगळं बदललं ते अकरा मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ब्रिस्टलच्या त्या उतारावरच्या सिग्नलला तू सीटबेल्ट काढून, आपल्या कुशलकडून मी उसन्या आणलेल्या गाडीतून उतरलीस, तेव्हा. त्याआधीचा मी आणि नंतरचा मी, असे दोन हिशेबच आहेत माझ्याकडे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. वाचायचं नसेल तर फाडून टाक. पण खाली बाबा थांबलेत, आणि त्यांच्याशी बोलायच्या आधी हे एकदा तुझ्यासमोर मांडायचं आहे. तिथे जीभ अडखळायला नको.

घरची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. एप्रिलमध्ये मी युनि सोडून घरी आलो. 'कोर्समध्ये मन लागत नाही,' एवढंच सांगितलं. बाबा ओरडतील अशी तयारी करून आलो होतो. भांडायला मला आवडतं, तुला वेगळं सांगायला नको. तर बाबा म्हणाले, "जेवलास का?"

जूनमध्ये बाबांना फिट आली. सकाळी, पोहे खाताना. तपासण्यांत फारसं काही निघालं नाही, गोळ्या चालू आहेत. पण इथे फिट आली की पुढे निदान वर्षभर तरी गाडी चालवायची नाही. बाबा स्वतः डॉक्टर, भूल देणारे. त्यांना कोणी सांगायची गरजच पडली नाही. सोमवारी सकाळी लायसन्स परत पाठवायला टपालाच्या पाकिटात घातलं.

"अहो, दोन दिवस थांबा तरी," आई म्हणाली.

"मी पेशंटला काय सांगतो? दोन दिवस थांबा?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि मिहीर आहे ना. याच्या लायसन्सवर चालेल आपलं घर."

आई गाडी चालवत नाही. तीनदा टेस्टला बसली, तिन्ही वेळा राउंडअबाउटवर नापास. आणि या गावात राउंडअबाउटशिवाय आहे काय दुसरं!

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भाषण दिलं. पेट्रोल, हवामान, तनूच्या पिढीचं भवितव्य. तनू, माझी बहीण, आठ वर्षांची, तोंड उघडं टाकून ऐकत होती. "मी पेट्रोलची गाडी चालवणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व." टेबलावर हातही आपटला. माझा आवाज चढला की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. महिन्याभरात बाबांनी त्यांची निळी गाडी विकली. अकरा वर्षं सांभाळलेली. आत पुसून, सीटखालची तनूची खेळणी काढून, किल्ली देताना त्या माणसाला सांगत होते, "थंडीत पहिला गिअर जरा जड जातो, जोर करू नका."

तर आता आमच्याकडे डबी आहे. नाव तनूनं ठेवलं. चार चाकं, छप्पर, पुढे काच, एकच वायपर, एकामागे एक दोन सीटं. दारं कापडाची, चेन लावायची. पायडल मारायचे, बॅटरी हातभार लावते. ताशी साडेपंधरा मैलांच्या वर गेलात की बॅटरी म्हणते आता तुमचं तुम्ही बघा. कायद्याच्या लेखी ती सायकल. लायसन्स नको, टॅक्स नको, नंबरप्लेट नको. इथे मोठ्या रस्त्यांच्या कडेनं सायकलींसाठी लाल डांबराच्या वाटा आहेत, त्यावरून सगळं गाव पालथं घालता येतं.

फ्रिजवर माझ्याच अक्षरात वेळापत्रक लावलंय. आठ वाजून दहा मिनिटांनी तनू. पावणेनऊला बाबा. सध्या ते ऑपरेशन थिएटरला जात नाहीत, क्लिनिकमध्ये बसतात. अकराला आई आणि भाजी. आई बसली की भाजी तिच्या मांडीवर, भाजी फार झाली की आई चालत. बाबा गुडघे हनुवटीला लावून बसतात, जेवणाचा डबा छातीशी धरून. पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात त्यांना बाहेर काढायला दोन नर्स लागल्या. बाबा इतके हसले की मला भीती वाटली.

मंडळातले राजीवकाका म्हणाले, "काय रे, इंजिन शोरूममध्येच विसरलात का?" आणि नंतर त्यांनीच दिवाळीच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं. 'आपला पर्यावरणवीर.' वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती, नव्या साडीत.

पण ते नंतरचं. आधी दसरा.

दसऱ्याला आईनं डबीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मग पूजेला किल्ली मागितली. डबीला किल्ली नाही, कुलूपसुद्धा नंबरचं.

"मग तुझं लायसन्स आण. ते ठेवू पाटावर."

"अगं, या गाडीला लायसन्स लागत नाही, तेच तर तिचं कौतुक," बाबा म्हणाले.

"गाडीला नसेल लागत. घरात एकच उरलंय ते. त्याला हळदकुंकू लावायचंय मला."

पाटावर बाबांचा स्टेथोस्कोप होता, आईची विळी, तनूचं मराठी शाळेचं पुस्तक. मधे लायसन्सएवढी जागा. मी म्हणालो, "ब्रिस्टलला राहिलंय. देविकाकडे."

तुझंच नाव का यावं? दिवसभर तेच तोंडाशी असतं. खोटं बोलायला गेलो तरी तेच बाहेर आलं.

आईनं कुंकवाचं बोट त्या रिकाम्या जागी पाटालाच टेकवलं. आणि मला न सांगता तुला मेसेज केला. तो तुझ्याकडे आहेच. तू काय उत्तर दिलंस ते मला आत्ता, तासाभरापूर्वी कळलं.

तनूला चालत मराठी शाळेत नेऊन आई तिथेच मदतीला थांबली होती. मी बाबांना घेऊन दुकानातून परत येत होतो. पुलाखालून जाताना मागून आवाज आला, "देविकाचा मेसेज आला होता तुझ्या आईला. दसऱ्याला."

माझे पाय थांबले. डबी जराशी पुढे गेली आणि मंदावली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काकू, मिहीरलाच विचारा."

डबीत मागच्या माणसाला पुढच्याचं तोंड दिसत नाही. ही सोय आजवर माझ्या लक्षात आली नव्हती. बाबांच्या आली असणार.

"महिना होऊन गेला, बाबा."

"हो. तू सांगशील म्हणून थांबलो." मग जरा वेळानं, "विचारू?"

"घरी पोचल्यावर."

"बरं. पुढे चढ आहे, गिअर बदल."

अर्धा चढ मी तुझ्यावर चिडलेला होतो. खोटं का नाही बोललीस? 'शोधते, काकू,' म्हणायला काय गेलं असतं? जोरजोरात पायडल मारत होतो, आणि मागून बाबा, "सावकाश, म्हातारा आहे मागे." उरलेल्या चढावर कळलं की तू माझी बाजूही घेतली नाहीस आणि मला उघडंही पाडलं नाहीस. माझी गोष्ट माझ्याकडे परत पाठवलीस. आणि मी ती स्टेजवर नेऊन टाळ्या घेतल्या.

दारात बाबा म्हणाले, "मी चहा टाकतो. तू ये." मी वर आलो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातून ते दुसरं पत्र काढलं, लायसन्स रद्द झाल्याचं. घडीवर फाटायला आलंय. मग वही घेतली आणि हे लिहायला बसलो.

त्यांना काय सांगणार ते लिहून बघतो. बाबा, अकरा मार्चला गाडी चालवताना माझ्या हातात फोन होता. देविका उतरून गेली होती, मी तिला लावत होतो. सात वेळा लावला. आठव्यांदा शेजारी पोलिसांची गाडी होती. लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट. टेस्ट पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत सहा झाले की लायसन्स जातं. तुमचं गेलं तेव्हा माझं आधीच गेलेलं होतं. तत्त्व वगैरे काही नाही. तुमची गाडी मी उगाच विकायला लावली.

हे झालं त्यांचं. तुझं राहिलं.

त्याच संध्याकाळी मी तुला लिहिलं होतं, 'तुझ्यामुळे गेलं माझं लायसन्स.' त्यानंतर तू ब्लॉक केलंस. सगळ्यांना मी सांगतो, देविका मधेच उतरून गेली. वर पहिल्या ओळींतसुद्धा तसंच लिहिलंय, बघ. ते खोडत नाही, राहू दे. खरं असं की त्या उतारावर मी तुझ्या वर्गातल्या प्रणवच्या नावानं ओरडत होतो आणि गाडी पळवत होतो. तू तीनदा म्हणालीस, "थांबव." तिसऱ्यांदा तुझा आवाज फुटला होता. मी थांबवली नाही. सिग्नल लाल झाला, पुढे बस उभी होती, म्हणून थांबली. तेवढ्यात तू उतरलीस.

सगळं बदललं ते तू उतरलीस तेव्हा नाही. तू पहिल्यांदा 'थांबव' म्हणालीस आणि मी पाय आणखी दाबला, तेव्हा.

मला तू अजूनही हवी आहेस. हे लिहिलं नाही तर पुन्हा खोटं होईल, म्हणून लिहिलं. पण त्यासाठी हे पत्र नाही. ब्लॉक काढू नकोस, उत्तरही नको.

खाली कप ठेवल्याचा आवाज आला. दोनदा. चहा एव्हाना काढा झाला असेल.

पाकिटावर स्टॅम्प लावलाय, संध्याकाळी टाकतो. ते दुसरं पत्र घेऊन आता खाली जातो. तनू आली की दिसेल ते मराठी मोठ्यानं वाचत सुटते, म्हणून हे इथेच ठेवून खोलीचं दार लावून घेतो.

मिहीर