मातीच्या खोलीला मांडव ठरवल्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय: परसातील मातीची खोली पाडू नये, निदान मांडव म्हणून मुदत वाढवून मिळावी.
संदर्भ: १) आपले पत्रक, ‘माती-बांबूचे घर बांधा’. २) तसे घर बांधल्याबद्दल आपली नोटीस.

महोदय,

मी अक्षरे म्हातारपणी शिकलो. आपले पत्रक हा मी कोणाला न विचारता वाचलेला पहिला छापील कागद. छापलेले खरे असते अशी माझी समजूत होती, म्हणून सांगितल्याप्रमाणे खोली बांधली.

बायकोचे गुडघे गेले आहेत. मुलाच्या घराचा जिना तिला चढवत नाही, म्हणून परसात तिच्यापुरती सोय केली. बांबू पाण्यात मुरवून वाळवले, त्यांचा कूड विणला. मी आणि मेहुण्याने माती-भुसा पायांनी तुडवून लिंपला, वरून चुना दिला. त्यात मेहुण्याची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, पण हा अर्ज तिच्याबद्दल नाही.

आपले निरीक्षक पाहणीला आले. त्यांच्या तक्त्यात भिंतीसाठी दोनच रकाने होते: सिमेंट किंवा कापड. सिमेंट दिसेना, म्हणून त्यांनी कापडावर खूण केली. मी त्यांना भिंतीला टेकून पाहण्याची विनंती केली. ते टेकले. खोली गार असल्याने त्यांचा डोळाही लागला. ते जागे झाल्यावर बायकोने विचारले, “साहेब, मांडवात इतकी गाढ झोप लागते का हो?” “रकाने माझ्या हातात नाहीत,” असे ते म्हणाले. चहा मात्र घेतला.

आता नोटिशीनुसार हा हंगामी मांडव आहे. कापड पेटते म्हणून वाळूच्या बादल्या ठेवायच्या, त्या ठेवल्या. दोर ताणून बांधायचे. दोर आणला आहे, गाठ कुठे मारावी तेवढे कळवावे. आपल्या कार्यालयाच्या दारातले पर्यावरणपूरक नमुना-घर सिमेंटचे असून त्याला मातीचा रंग आहे. ते पक्के ठरले, याचा आम्हां उभयतांना आनंद आहे.

खोली पाडलीच तर सासूबाईंना उचलून वर नेऊ, असे सून म्हणते. “मी काय कपाट आहे?” असे बायको म्हणते. दोघींमध्ये मला उभे राहावे लागते.

कार्य आटोपताच मांडव काढावा, आणि कार्य कोणते ते कळवावे, असा आपला हुकूम आहे. कळवतो. बायको सकाळी उठते, कोणाचा हात न धरता दारापर्यंत येते आणि उन्हात बसते. हेच कार्य चालू आहे. ते आटोपण्याची आम्हांला घाई नाही, आपल्यालाही नसावी. आटोपले की मांडव मी स्वतः उतरवीन, नोटीस लागणार नाही. तोवर मुदत द्यावी.

सोबत: नोटिशीची प्रत.
दिनांक: मुदतीचा शेवटचा दिवस.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
मांडवाचा मालक
(सही)